शब्द पाखडून घ्यावेत

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



वर्धापनदिनाच्या दिवशी मंडळातल्याच एखाद्या सभासद बाईने चार शब्द बोलावेत, असा आपला रिवाज आहे. यंदा तो मान माझ्याकडे आला. मी विषय सांगितला तेव्हा चिटणीसबाई गालांत हसल्या. विषय असा की, पोकळ बोलण्याला, थापांना आणि फुगवून केलेल्या भाषणांना इंग्रजी भाषेत कोणकोणती गमतीची नावे आहेत. सातवी शिकलेली बाई इंग्रजीवर काय बोलणार, असे त्यांच्या मनात आले असेल, तर त्यात गैर काही नाही. पण माझी मुलगी इंग्रजी घेऊन बी. ए. करते आहे. रात्री ओटा आवरून झाला की ती शब्दकोश उघडून बसते आणि मी उद्याची भाजी निवडत ऐकते. एकेका शब्दामागे केवढी हकीकत असते, हे मला तिथे कळले. त्यांतल्या ज्यांना आधार आहे तेवढ्याच हकीकती मी आज आणल्या आहेत. त्याही भाजीसारख्या निवडून.

आपल्या मराठीत अशा शब्दांना तोटा नाही. थापा, बाता, बढाई, फुशारकी आहेच. कुणी बोलायला लागले आणि थांबेनाच, तर आपण म्हणतो, ‘याचे चऱ्हाट सुरू झाले.’ चऱ्हाट म्हणजे लांबच लांब दोर. तेच तेच पुन्हा फिरून येऊ लागले की त्याला आपण ‘शब्दांचे गुऱ्हाळ’ म्हणतो. हे शब्द कुणा पंडिताने बसून केलेले नाहीत. शेतावर, गोठ्यात, अंगणात काम करणाऱ्या माणसांनी समोर दिसले त्यावरून ते उचलले. इंग्रजी शब्दांचेही तसेच आहे. त्यांतले बरेचसे थेट स्वयंपाकघरातून आणि परसातून आलेले आहेत.

‘हॉगवॉश’ हा शब्द घ्या. हॉग म्हणजे डुक्कर आणि वॉश म्हणजे धुवण. घरातले उष्टे, शिळे, भांड्यांचे खरकटे पाणी एका बादलीत जमवून डुकरांपुढे ओतायचे, ते हॉगवॉश. पंधराव्या शतकापासून हा शब्द त्या अर्थाने आहे. पुढे कुणी काहीबाही सांगू लागला की ऐकणारा म्हणू लागला, ‘हे हॉगवॉश आहे,’ म्हणजे हे माणसाने घ्यायचे नव्हे.

दुसरा शब्द ‘बाल्डरडॅश’. सोळाव्या शतकाच्या शेवटी तो इंग्रजीत दिसू लागला. एकमेकांशी न जुळणारी पेये एकत्र केली, बिअरमध्ये दूध किंवा बिअरमध्ये दुसरे मद्य ओतले, की त्या मिश्रणाला बाल्डरडॅश म्हणत. आपण समजावे की कुणी ताकात चहा ओतला. ज्या बोलण्यात कशाचा कशाला मेळ नाही, त्याला पुढे हेच नाव पडले.

‘पॉपीकॉक’ ऐकल्यावर मला वाटले की खसखस आणि कोंबडा यांची काही गोष्ट असेल. तसे मुळीच नाही. हा शब्द एकोणिसाव्या शतकात अमेरिकेत रुळला आणि तो डच भाषेतून आला असे शब्दकोश सांगतात. न्यूयॉर्कच्या भागात पूर्वी डच लोकांची वसाहत होती. त्यांच्या बोलीतल्या मूळ शब्दाचा अर्थ आहे मऊ शेण! आपल्याकडे शेणाला मान आहे, अंगण सारवायला ते लागते. डच माणसाने मात्र तो शब्द कौतुकाने वापरला नव्हता. गंमत अशी की आज मोठमोठ्या घरच्या बायका चहाचा कप हातात धरून ‘पॉपीकॉक’ म्हणतात आणि आपण काय म्हणालो हे त्यांच्या गावीही नसते.

‘बॉश’ हा शब्द तुमच्यापैकी काहींनी ऐकला असेल. तो तुर्की भाषेतला, आणि त्याचा अर्थ आहे रिकामे. जेम्स मोरियर नावाच्या लेखकाने १८३४ साली ‘आयेशा’ नावाची कादंबरी लिहिली, तिच्यात हा तुर्की शब्द पुष्कळदा आला. लोकांनी कादंबरी वाचली आणि शब्द ठेवून घेतला. आपण ‘बडा घर पोकळ वासा’ म्हणतो, त्यातला जो पोकळ, तोच हा बॉश.

आता जरा सभा-संमेलनांकडे वळू या. तिथे पोकळ बोलण्याचा सुकाळ असतो.

अमेरिकेच्या नॉर्थ कॅरोलिना राज्यात बंकम नावाचा एक जिल्हा आहे. १८२० साली त्या भागातून निवडून आलेले फेलिक्स वॉकर नावाचे सभासद अमेरिकेच्या संसदेत होते. तेव्हा मिसुरी या प्रांताला राज्य म्हणून सामील करून घ्यायचे की नाही, आणि घ्यायचे तर तिथे गुलामगिरी चालू द्यायची की नाही, यावर मोठा वाद चालला होता. बोलून बोलून सगळे थकले होते, आता मते घ्या म्हणत होते. अशा वेळी वॉकरसाहेब भाषणाला उभे राहिले. सोबत्यांनी त्यांना थांबवायचा प्रयत्न केला. ते म्हणाले की मला बोललेच पाहिजे, मी बंकमसाठी बोलतो आहे. म्हणजे सभागृहात कुणी ऐको वा न ऐको, आपल्या माणसाने भाषण केले हे गावाकडे कळले म्हणजे झाले. तेव्हापासून अशा भाषणाला ‘बंकम’ म्हणू लागले. त्याचे तोकडे रूप ‘बंक’. पुढे १९२३ साली विल्यम वुडवर्ड या लेखकाने ‘डीबंक’ असा शब्द काढला, त्याचा अर्थ पोकळपणा उघडा करून दाखवणे.

ही गोष्ट ऐकून मी आधी हसले. मग मनात आले, त्या दिवशी प्रश्न काय होता? हजारो गुलाम माणसांच्या आयुष्याचा प्रश्न होता. बायकामुलांसकट विकल्या जाणाऱ्या माणसांचा प्रश्न होता, आणि हा गृहस्थ आपले नाव गावात व्हावे म्हणून उभा राहिला होता. पोकळ बोलणे नुसते हसण्यावारी नेऊ नये, हे मला तिथे पहिल्यांदा जाणवले.

‘क्लॅपट्रॅप’ हा शब्द नाटकवाल्यांचा. क्लॅप म्हणजे टाळी आणि ट्रॅप म्हणजे सापळा. अठराव्या शतकात इंग्लंडच्या रंगभूमीवर नट मुद्दाम अशी वाक्ये टाकत की प्रेक्षकांनी टाळी दिलीच पाहिजे. टाळी पकडायचा तो सापळा. आपल्याकडेही नाटकाला जाऊन आलेला माणूस ‘टाळीचे वाक्य’ म्हणतोच की! नाटकात ते शोभते. बाकीच्या ठिकाणी टाळी वाजवण्याआधी आपले हात कुणी सापळ्यात तर धरले नाहीत ना, एवढे पाहावे.

आता सगळ्यांत गमतीचा शब्द, ‘गॉबल्डीगुक’. हा अगदी अलीकडचा, म्हणजे १९४४ सालचा. दुसरे महायुद्ध चालू होते. अमेरिकेत लहान कारखान्यांना युद्धाची कामे मिळवून देणारे एक सरकारी खाते होते, त्याचे प्रमुख होते टेक्सासचे मॉरी मॅव्हरिक. हाताखालच्या लोकांचे लांबलचक, अवजड शब्दांनी भरलेले कागद वाचून ते कावले आणि त्यांनी हुकूम काढला की थोडक्यात लिहा, सरळ लिहा, ही गॉबल्डीगुक भाषा बंद करा. ‘ॲक्टिव्हेशन’ आणि ‘इम्प्लिमेंटेशन’ असे शब्द जो वापरील त्याला गोळी घालण्यात येईल, असेही त्यांनी थट्टेने लिहून टाकले. हा शब्द सुचला कुठून, असे त्यांना पुढे विचारले गेले. ते म्हणाले, आमच्या टेक्सासातल्या टर्की कोंबड्यावरून. तो छाती काढून, पिसारा फुलवून ऐटीत चालतो, ‘गॉबल गॉबल’ करीत राहतो आणि शेवटी घशातून ‘गुक’ असा आवाज काढतो. कचेरीतल्या भाषेचे याहून चांगले चित्र मला तरी काढता आले नसते.

आता एक शब्द आपल्या गोळीच्या सोड्याशी नाते सांगणारा. ‘कॉड्सवॉलप’ म्हणजे शुद्ध थाप. हायरम कॉड नावाचा एक इंग्रज कारागीर होता. १८७० नंतरच्या काही वर्षांत त्याने सोड्याची नवी बाटली काढली आणि तिचे पेटंट घेतले. बाटलीच्या गळ्यात काचेची गोटी. बाटली उलटी धरून भरायची, म्हणजे गोटी तोंडाशी येते आणि आतला वायू तिला रबराच्या चकतीवर घट्ट दाबून धरतो. प्यायच्या वेळी अंगठ्याने गोटी आत दाबली की फस्स! लहानपणी जत्रेत आपण प्यायलो ती हीच बाटली. आता सांगतात असे की इंग्रजी बोलीत ‘वॉलप’ म्हणजे बिअर, म्हणून बिअर पिणारे लोक या गोडमिट्ट सोड्याला ‘कॉडचा वॉलप’ म्हणून हिणवू लागले, आणि तिथून शब्द आला. गोष्ट झकास आहे. पण कोशकार ती मानायला तयार नाहीत. बाटली निघाली एकोणिसाव्या शतकात, आणि शब्दाची जुनी लेखी नोंद म्हणून दाखवतात ती १९५९ सालची, एका विनोदी मालिकेच्या संहितेतली. मधल्या ऐंशी-पंच्याऐंशी वर्षांत कुणीच तो शब्द लिहू नये, हे कसे? तेव्हा थाप या अर्थाच्या शब्दाची जन्मकथा हीच एक थाप असावी, असे दिसते. बाटली मात्र खरी आहे.

इथपर्यंत सगळे हसण्याचे झाले. आता ज्या शब्दासाठी मी हा विषय घेतला, तो सांगते. तो आहे ‘मम्बो जम्बो’. ज्यातून काही अर्थ निघत नाही असे गूढ, बोजड बोलणे म्हणजे मम्बो जम्बो. हा शब्द पश्चिम आफ्रिकेतून इंग्रजीत गेला. फ्रान्सिस मूर या इंग्रजाने १७३८ साली आपल्या पुस्तकात त्याची हकीकत दिली, आणि मंगो पार्क या प्रवाशाने १७९९ साली ती अधिक विस्ताराने लिहिली. मँडिंगो लोकांच्या गावाच्या वेशीवर पार्कने झाडाच्या सालीचा एक पोषाख टांगलेला पाहिला. त्याने चौकशी केली. त्या लोकांत एका पुरुषाच्या अनेक बायका असत. घरात भांडण झाले आणि नवऱ्याचे कुणी ऐकेना, की तो स्वतः किंवा त्याने सांगितलेला माणूस तो पोषाख घालून, तोंड झाकून, अंधार पडताना आरडाओरडा करीत गावात येई. हाच मम्बो जम्बो. सगळ्या बायकांना चौकात जमावे लागे. मध्यरात्रीपर्यंत गाणे-नाचणे चाले. मग तो ज्या बाईकडे बोट दाखवी, तिला धरून, विवस्त्र करून, खांबाला बांधून फटके मारीत. मूरने लिहिले आहे की पुरुषांची एक गुप्त भाषाही होती आणि ती बाईला सांगायची नाही अशी शपथ असे.

पार्कने पुढे एक गोष्ट लिहिली आहे, ती ऐकून माझी भाजी हातातच राहिली. त्या बाईला फटके बसत असताना सगळ्यांत मोठ्याने तिची निंदा करीत, त्या गावातल्या इतर बायकाच.

हे परक्या प्रवाशांनी लिहिलेले आहे आणि फार जुने आहे. त्यावरून आजच्या कुठल्याही लोकांना नावे ठेवायची नाहीत. दूरच्या लोकांना हसायचे आणि आपल्या दारातले पाहायचे नाही, असेही करायचे नाही. मुखवटा घालून, न कळणारे काही बोलून बाईला गप्प करायचे, हे सालीच्या पोषाखातच होते असे थोडेच आहे? ते इस्त्रीच्या शर्टातही होते आणि छापील कागदावरही होते.

माझ्या माहेरच्या वहिनींचीच गोष्ट सांगते. माझा भाऊ गेला. त्याचा विमा होता. वहिनींनी जमतील ते कागद पाठवले. दोन महिन्यांनी विमा कंपनीचे उत्तर आले, दीड पान इंग्रजी. वहिनींनी ते गावातल्या एका शिकलेल्या गृहस्थांना दाखवले. त्यांनी वर-खाली पाहिले आणि म्हणाले, ‘नामंजूर झालेले दिसते.’ वहिनींनी पत्र पेटीत, भावाच्या कागदांत ठेवून दिले. मुलाच्या कॉलेजची फी आली तेव्हा हातातल्या पाटल्या गहाण टाकल्या. पाच महिन्यांनी दिवाळीला आम्ही गेलो असताना माझ्या मुलीने ते पत्र काढून वाचले, शब्दकोश घेऊन दोनदा वाचले. त्या दीड पानाचा अर्थ काय होता? ‘दवाखान्याचा एक कागद कमी आहे, तो पाठवा.’ बस्स, एवढाच. तो कागद पेटीतच होता. पाठवला, आणि पैसे आले. पाटल्या सुटल्या, पण व्याज गेले ते गेले. आणि पाच महिने त्या बाईने जी काळजी केली, तिचा हिशेब कोण देणार?

पत्र खोटे नव्हते, बरे का. त्यात थाप नव्हती. पण सात शब्दांची गोष्ट दीड पानात अशी गुंडाळली होती की ज्या विधवेसाठी ती लिहिली, तिच्यापर्यंत ती पोचलीच नाही.

अशा कागदांविरुद्ध कुणी उभे राहिले आहे का, असे मी मुलीला विचारले. तिने मला क्रिसी मार यांची हकीकत सांगितली. या बाई इंग्लंडमधल्या लिव्हरपूलच्या, गरीब घरच्या. वयाची बारा-तेरा वर्षे उलटून गेली तरी त्यांना वाचता येत नव्हते. पुढे त्या लिहाय-वाचायला शिकल्या, वस्तीतल्या लोकांसाठी सोप्या भाषेत छोटे वृत्तपत्र चालवू लागल्या, लोकांचे फॉर्म भरून देऊ लागल्या. फॉर्मची भाषाच लोकांच्या हक्काच्या मदतीआड येते, हे त्यांनी रोज पाहिले. १९७९ साली त्या लंडनला गेल्या आणि संसदेसमोरच्या चौकात त्यांनी शेकडो सरकारी कागदांचे जाहीरपणे तुकडे केले. पोलीस आला आणि त्याने त्यांना एक लांबलचक कायदेशीर सूचना वाचून दाखवली. त्यांची संस्था असे सांगते की बाईंनी त्याला विचारले, या गॉबल्डीगुकचा अर्थ आम्ही इथून जावे असा आहे का?

त्यांनी सोप्या इंग्रजीसाठी संस्था काढली. वाईटात वाईट लिहिणाऱ्यांना ‘गोल्डन बुल’ म्हणजे सोन्याचा बैल असे बक्षीस जाहीर करू लागल्या, कारण इंग्रजीत ‘बुल’ म्हणजे बैलही आणि थापही. १९८२ साली ब्रिटिश सरकारने आपल्या खात्यांना फॉर्म तपासून नको ते रद्द करायला आणि हवे ते सोपे करायला सांगितले. १९९० पासून त्या संस्थेने स्वच्छ, सोप्या कागदांवर आपली एक खूण द्यायला सुरुवात केली. अमेरिकेत तर २०१० साली कायदाच झाला की सरकारी खात्यांनी लोकांना समजेल असे लिहावे. आपल्याकडेही २०२४ पासून आरोग्य विम्याबरोबर सोप्या शब्दांतला माहितीचा कागद द्यावा लागतो आणि मागितला तर तो आपल्या भाषेत मिळतो. मागितला तर, हे शब्द लक्षात ठेवा.

मात्र एक सांगितले पाहिजे. प्रत्येक अवघड शब्द पोकळ नसतो. डॉक्टरांच्या आजारांची नावे अवघड असणारच. आपण स्वेटर विणताना ‘दोन सुलट, एक उलट, एक उचल’ म्हणतो, ते आपल्या यजमानांना गॉबल्डीगुकच वाटते. पण त्यांनी विचारले तर आपण सुया हातात घेऊन दाखवू शकतो. ओळख हीच. ज्याला खरोखर कळलेले असते, त्याला ते सोपे करून सांगता येते. विचारल्यावर जो चिडतो, किंवा आणखी मोठा शब्द फेकतो, त्याच्या सुपात दाणे कमी आणि फोलपटे जास्त, असे समजावे.

आपण धान्य पाखडल्याशिवाय दळायला देत नाही. शब्दही पाखडून घ्यावेत. कुणी पैशाची योजना घेऊन आला की चार प्रश्न विचारावेत: किती द्यायचे, किती मिळणार, कधी मिळणार, आणि मध्येच गरज पडली तर काय? उत्तर मराठीत आणि आपल्याला कळेल असे मिळेपर्यंत सही करू नये, अंगठाही देऊ नये.

आणि एवढे एक पाळावे, ही माझी हात जोडून विनंती आहे. सभेत एखादी बाई उठून ‘मला कळले नाही, पुन्हा सांगा’ म्हणाली, तर तिला कोपराने खाली बसवू नका. ‘अडाण्यासारखे काय विचारतेस’ म्हणून हसू नका. त्या वेशीवरच्या मम्बो जम्बोला बळ कशाने येत होते, ते मी मघाशी सांगितलेच आहे.

अध्यक्षबाईंच्या परवानगीने मंडळापुढे एक सूचना ठेवते. महिन्यातून एका बुधवारी दुपारी आपण इथे कागद वाचायला बसू. बँकेचे, विम्याचे, दवाखान्याचे, शाळेचे, ज्या बाईच्या घरी जो न कळलेला कागद असेल तो तिने घेऊन यावा. माझी मुलगी येईल, आपल्या मंडळातल्या दोघी शिक्षिका भगिनींनीही यायचे कबूल केले आहे. चहा माझ्याकडे. शेजारणींनाही सांगा. पेटीच्या तळाशी ठेवून दिलेला एखादा कागद असेल, तर तो आधी आणा.

माझे बोलणे लांबले असेल आणि त्याचे गुऱ्हाळ झाले असे कुणाला वाटले, तर त्याला कोणता इंग्रजी शब्द लावायचा ते आता तुम्हाला ठाऊक आहे.